मैद्याने माखलेले छोटे हात

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडील एका उपनगरात चर्चला लागून एक जुने सभागृह आहे. दर शनिवारी सकाळी दहा वाजता तेथे आठ ते अकरा वर्षांची बारा मुले जमतात. कोट खुंटीला लागतात, बाह्या कोपरापर्यंत वर जातात, लांब केस बांधले जातात आणि पुढील दोन तास त्या सभागृहात लोणी, साखर आणि मैदा यांखेरीज दुसरा विषय नसतो. पारंपरिक ब्रिटिश बेकिंग मुलांना शिकवण्याचा हा वर्ग आहे. शिकवणाऱ्या बाई एक आणि मदतनीस चार. त्या चौघांपैकी मी एक.

पोळ्या, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ यांत हात मुरलेल्या बाईला ब्रिटिश बेकिंगच्या वर्गात मदतनीस म्हणून घेतले जाईल, असे मला वाटले नव्हते. प्रत्यक्षात हवी होती ती पाककौशल्याची नव्हे, तर वेगळ्याच गुणाची माणसे. तो गुण माझ्यात नव्हता आणि ते कळायला एका मुलीचे मन दुखवावे लागले. त्याविषयी पुढे सांगेनच.

प्रथम, असे वर्ग मुळात का लागतात हे पाहू. ज्या देशात चहाबरोबर केकचा तुकडा हा जवळजवळ संस्कार मानला जातो, तेथील मुले हे सारे घरीच शिकत असतील, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्लंडमधील शाळांत स्वयंपाक शिकवण्यासाठी सरकारी अनुदान सुरू झाले ते १८८२ मध्ये, आणि तेही केवळ मुलींसाठी. पुढे जवळजवळ शंभर वर्षे 'डोमेस्टिक सायन्स' हा मुलींचा विषय म्हणून टिकला. १९९० च्या दशकात राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, तेव्हा स्वयंपाकाची रवानगी 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या विषयात झाली. मुले पिझ्झा भाजण्याऐवजी पिझ्झ्याच्या खोक्याचे चित्र काढू लागली, अशी थट्टा त्या काळातील पालक आजही करतात. शालेय आहाराविषयीच्या २०१३ च्या आराखड्यानंतर सप्टेंबर २०१४ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वयंपाकाचे शिक्षण पुन्हा सक्तीचे झाले. मात्र मोठ्या वर्गांसाठी त्या अभ्यासक्रमाचा भर तिखटमिठाच्या, पोटभरीच्या पदार्थांवर आहे. ते योग्यच म्हणावे लागेल. तथापि आजीच्या हातचे स्कोन, नाताळचे मिन्स पाय, नोव्हेंबरातील पार्किन हे सारे त्यामुळे शाळेबाहेर राहिले. आई-वडील दोघेही नोकरीवर आणि आजी दोनशे मैलांवर, अशा घरांत ते शिकवणार कोण? २०१० मध्ये सुरू झालेल्या 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेने मुलांच्या मनात हौस निर्माण केली. त्या हौसेला प्रत्यक्ष पीठ आणि भट्टी मिळते ती अशा सभागृहांत.

मदतनीस होण्याआधी बरेच सोपस्कार असतात. मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्याची पूर्वपडताळणी सरकारी यंत्रणेमार्फत होते. अन्न हाताळण्याच्या स्वच्छतेचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पहिल्या दिवशी माझ्या हाती एक तक्ता पडला. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला काय चालत नाही ते लिहिलेले होते. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्याने चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. अंडे, दूध, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणे, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे, तीळ, मोहरी आदींचा त्यात समावेश होतो. २०१६ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीचा पावात मिसळलेल्या तिळांमुळे मृत्यू झाला. त्या पावाच्या वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. त्यानंतर, ऑक्टोबर २०२१ पासून, दुकानातच बनवून वेष्टनात घातलेल्या पदार्थावरही संपूर्ण घटकसूची छापणे सक्तीचे झाले. आमचा वर्ग काही विकत नाही. पण तो तक्ता भिंतीवर लावल्याशिवाय मैद्याचे पाकीट उघडत नाहीत.

बाकीचे नियम साधे आहेत. भट्टीचे दार मोठ्यांनीच उघडायचे. कच्चे पीठ चाटायचे नाही. मुलांना हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. अंडे कच्चे म्हणून ते टाळावे, हे त्यांना ठाऊक असते; पण मैदाही कच्चाच असतो, शेतातून गिरणीत आणि गिरणीतून पाकिटात येताना तो कोठेही शिजलेला नसतो, त्यातही जंतू असू शकतात, हे ऐकून ती चकित होतात. मीही झाले होते. सुरी चालवण्याच्या दोन पद्धती येथील शाळांतून शिकवतात. एक 'पूल': अंगठा आणि बोटे यांची कमान करून फळ धरायचे आणि सुरी त्या पुलाखालून न्यायची. दुसरी 'पंजा': बोटांची टोके मांजराच्या पंजासारखी आत वळवायची. सफरचंदाच्या क्रंबलच्या दिवशी बारा पूल आणि बारा पंजे यांच्यावर आठ डोळ्यांचा पहारा असतो.

आता मदतनिसाच्या मूळ कामाविषयी. ते काम म्हणजे हात न लावणे. हे वाटते तेवढे सोपे नाही. नऊ वर्षांचा मुलगा स्कोनचे पीठ मळत असताना ते अर्धे टेबलावर आणि अर्धे त्याच्या कोपराला लागलेले दिसते. घड्याळ पुढे सरकत असते. आपल्याला ते दहा सेकंदांत गोळा करता येणार असते. पहिल्याच आठवड्यात मी तसे केले. एका मुलाच्या हातातून भांडे घेतले, चार वेळा हात फिरवला आणि सुरेख गोळा करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने त्याकडे पाहिले आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. तो गोळा आता त्याचा राहिला नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, की हात शिवशिवले तर ते पाठीमागे बांधून उभे राहावे. त्या स्वतः तशाच उभ्या असतात, शाळेतील कवायतीप्रमाणे.

शिवाय मी केलेला तो गोळाही चुकीचा होता! पोळीची सवय असलेला हात पीठ दाबून, ताणून मळतो. गव्हाच्या पिठात पाणी पडले आणि ते मळले, की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. त्या जाळ्यामुळे पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. स्कोनला ते जाळे नकोच असते. ते जेवढे वाढेल तेवढा स्कोन चामट. म्हणून साधारण २२५ ग्रॅम मैद्यात ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळव्यांनी नव्हे, कारण तळवे गरम असतात. मिश्रण ब्रेडच्या चुऱ्यासारखे दिसू लागले की दूध घालून ते जेमतेम एकत्र आणायचे. हा प्रकार पाहताना माझ्या मनात एकदम उजेड पडला. हे तर आपले मोहन! शंकरपाळ्यांच्या किंवा करंजीच्या पिठाला तूप चोळून मुटका वळतो की नाही हे आपण पाहतो, तेव्हा आपणही हेच करत असतो. पिठाच्या कणांवर स्निग्धतेचा लेप बसतो, पाणी आत शिरत नाही आणि चिवट जाळे नीट विणले जात नाही. इंग्रजीत अशा पिठाला 'शॉर्ट' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'खुसखुशीत' हा कितीतरी सरस शब्द आहे. शॉर्टब्रेडमधला 'शॉर्ट' तो हाच. लांबी-रुंदीशी त्याचा संबंध नाही.

मुलांना हे असे सांगितले तर ती ऐकत नाहीत. त्यांना दोन गोळे द्यावे लागतात: एक भरपूर मळलेला, एक न मळलेला. दोन्ही भाजून, तोडून, खाऊन पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. स्कोन कापताना साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही, हेही असेच कळते. पिळला की कड दबते आणि स्कोन एका बाजूला कलून फुगतो. आमच्या वर्गात दर खेपेस पाच-सहा स्कोन पिसाच्या मनोऱ्यासारखे उभे राहतात आणि ज्याचा सर्वांत कललेला, तो हल्ली अभिमानाने मिरवतो. साय आधी की मुरंबा आधी हा डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांतील सनातन वादही मुले तत्परतेने आपलासा करतात. डेव्हनमध्ये घट्ट साय आधी आणि वर मुरंबा. कॉर्नवॉलमध्ये नेमके उलटे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना मिसळीच्या रश्श्यावरून असे वाद नवे नाहीत.

मी जी चूक म्हणाले ती तिसऱ्या आठवड्यात घडली. त्या दिवशी व्हिक्टोरिया स्पंज होता. राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा हा केक म्हणजे ब्रिटिश चहापानाचा मुकुटमणी. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात तो 'व्हिक्टोरिया सँडविचेस' या नावाने आढळतो. त्याचे प्रमाण मुलांना फार आवडते. अंडी कवचासकट तागडीत घालायची. जेवढे वजन भरेल तेवढेच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. लोणी-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, कारण साखरेच्या टोकदार कणांनी लोण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे फारसे निर्माण करत नाही, असलेल्यांना फुगवते. म्हणून फेसण्यात आळस केला, तर दुप्पट पावडर घालूनही केक चपटाच राहतो. अंड्यातील प्रथिने आचेने घट्ट होतात आणि त्या फुगलेल्या बुडबुड्यांना तोलून धरतात. विमेन्स इन्स्टिट्यूट या, ब्रिटनमध्ये १९१५ पासून कार्यरत असलेल्या महिला संघटनेच्या स्पर्धांत या केकच्या दोन थरांत केवळ रासबेरीचा मुरंबा चालतो. साय लावली की गुण कापले जातात.

माझ्या टेबलावर नऊ वर्षांची एक गुजराती मुलगी होती. तक्त्यात तिच्या नावापुढे 'अंडे नाही' असे लिहिले होते. ॲलर्जी नव्हे, घरचा आचार. तिची आई पहिल्या दिवशी मला एकटीला गाठून, "बहेन, जरा लक्ष ठेवाल ना?" असे म्हणाली होती. भारतीय चेहरा पाहून तिला धीर आला असावा. मी लक्ष ठेवले. स्पंजच्या दिवशी मी त्या मुलीला म्हटले, "आज तू नुसतं बघ हं. शेवटी वरून साखर भुरभुरायला तुला देईन." मला वाटले, केवढी मी समजूतदार! ती पाऊण तास हात मागे घेऊन उभी राहिली. साखर भुरभुरायची वेळ आली तेव्हा तिने मान हलवली. पुढच्या शनिवारी ती आली नाही.

ज्या दिवशी हात लावू नये त्या दिवशी मी लावला होता. आणि जिचे हात पिठात असायला हवे होते तिला मी हात मागे घ्यायला लावले होते. सभागृह झाडताना मी हे त्या ज्येष्ठ सहकारी बाईंना बोलून दाखवले. त्यांना त्यात फारसे अवघड काही वाटले नाही. त्यांचा जन्म शिधावाटपाच्या अखेरच्या वर्षांतला. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर शिधापत्रिका आली आणि अन्नधान्याचे शिधावाटप पूर्णपणे संपले ते जुलै १९५४ मध्ये. युद्धकाळात माणशी आठवड्याला एक ताजे अंडे, तेही मिळाले तर. अमेरिकेहून येणाऱ्या अंड्याच्या भुकटीवर भागवायचे. त्यांच्या आईच्या वहीत अंड्याविना केकच्या दोन कृती आहेत. सोडा आणि व्हिनेगर यांच्या संयोगाने वायू निर्माण होतो आणि त्यावर केक उभा राहतो. दही आणि सोडा घालून ढोकळा फुगवणाऱ्यांना हे रसायन परकीय वाटणार नाही. बाईंच्या मते अंडे हीच श्रीमंती होती. गरिबाघरचा केक त्याच्याशिवायच होत असे.

त्यांनी मग जी गोष्ट सांगितली ती याच शहरातली. आल्फ्रेड बर्ड हे बर्मिंगहॅममधील औषधविक्रेते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडे चालत नसे आणि यीस्टही. कस्टर्ड म्हणजे दूध आणि अंडे आटवून केलेली दाट खीर. ती त्यांना खाता येईना. बर्ड यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठाची, अंड्याविना घट्ट होणारी कस्टर्ड पावडर तयार केली. यीस्टविना पाव खाता यावा म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. सोडा, एक आम्ल आणि दोन्ही कोरडी ठेवणारा पिठूळ पदार्थ असे तिचे स्वरूप असते. ओल लागेपर्यंत दोघे शेजारी शांत बसतात, ओल लागली की वायू सोडतात. दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी बेकिंग पावडरच्याच तत्त्वावर फुगणाऱ्या मैद्याचे पेटंट घेतले. आज ब्रिटिश घरांतील सेल्फ रेझिंग फ्लोअर ते हेच. बर्ड यांची कस्टर्ड पावडर साता समुद्रांपार गेली. आपल्या लग्नाच्या पंगतींत फ्रूट कस्टर्डची वाटी शिरली ती त्याच वाटेने. बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागात बर्ड यांच्या कारखान्याची इमारत अजून उभी आहे. कारखाना १९६४ मध्ये बॅनबरीला गेला. इमारतीला आजही 'कस्टर्ड फॅक्टरी' म्हणतात आणि तेथे कलावंतांची दालने, लहान उद्योगांची कार्यालये आहेत. आमच्या सभागृहापासून बसने फार लांब नाही. मी कितीदा तरी त्यावरून गेले होते.

म्हणजे ज्या बेकिंगला आपण 'पारंपरिक' म्हणून अंडे अपरिहार्य ठरवत होतो, त्याची दोन प्रमुख साधने एका बाईला अंडे आणि यीस्ट चालत नाही म्हणून जन्माला आली होती. ती बाजूला उभी राहून साखर भुरभुरत बसली नाही, एवढाच फरक.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पाच जणींनी बसून उरलेल्या वर्गांचा क्रम पुन्हा लावला. तक्ता समोर ठेवला. मुस्लिम घरांतील तीन मुलांना डुकराची चरबी चालणार नव्हती. वेल्श केकच्या जुन्या कृतींत ती असते. तिच्या जागी लोणी घेतले. मिन्स पायच्या सारणात गाईची चरबी असते. वनस्पतिजन्य चरबी येथे दुकानांत मिळते, ती घेतली. ब्रँडीत भिजवलेल्या मनुकांऐवजी वेल्समधील बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या फळांचा गोड पाव घेतला. तेथील घरांत तो पिढ्यानपिढ्या होतो. आम्ही काही शोध लावला नाही. यादी करत गेलो तसे लक्षात आले, की या बेटावरील बरेचसे बेकिंग मुळात भट्टीशिवायचेच आहे. घरोघरी भट्टी परवडत नसे. वेल्श केक लोखंडी जाड तव्यावर भाजतात. बर्मिंगहॅमच्या उत्तरेला स्टॅफर्डशरमध्ये ओटच्या आंबवलेल्या पिठाचे मऊ धिरडे करतात, ते पाहून कोणत्याही कोकणी माणसाला आंबोळी आठवेल. ज्यांच्याकडे भट्टी नव्हती ते रविवारचे जेवण बेकरवाल्याच्या भट्टीत ठेवायला नेत. दिवाळीच्या आधी नानकटाईचे ताट घेऊन गल्लीतल्या बेकरीपुढे रांग लावल्याचे महाराष्ट्रातील जुन्या वाचकांना स्मरत असेल.

आणि घटकद्रव्यांचे म्हणाल, तर 'ब्रिटिश' असे त्यात फार थोडे. आले आणि दालचिनी आशियातील, जायफळ मूळचे बांदा बेटांवरचे, बारीक काळ्या मनुकांचे इंग्रजी नाव ग्रीसमधील कॉरिंथ शहरावरून आलेले. साखर कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून आलेली. हा भाग मुलांना कसा सांगावा यावर आमच्यात मतभेद झाले. आठ वर्षांच्या मुलाला केक फेसताना गुलामगिरी सांगावी का? मला वाटते, सांगावी. दोन वाक्यांत आणि अश्रू न ढाळता. मुले आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच सरळ असतात. वर्गातील एका मुलाचे आजोबा जमैकाहून आलेले. त्याने पुढच्या आठवड्यात घरचा आल्याचा केक आणला.

उत्तर इंग्लंडचा पार्किन हा पदार्थ मात्र मला विशेष भावला. यॉर्कशर आणि लँकेशरच्या थंड, ओल्या डोंगराळ भागात गहू नीट येत नसे, ओट येत असे. ओटचे पीठ, आले आणि ट्रीकल यांचा हा गडद केक. ट्रीकल म्हणजे साखर कारखान्यातील काळसर पाक. वासाने आणि दाटपणाने थेट आपल्या काकवीचा भाऊ. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटतात, तेव्हा तो खातात. भाजल्या दिवशी तो कोरडा आणि कडक असतो. डब्यात बंद करून चार-पाच दिवस ठेवला की मऊ आणि चिकट होतो. या क्रियेला इंग्रजीत धड एक शब्द नाही. मी मुलांना 'मुरणे' हा शब्द शिकवला. बारा मुले एका सुरात 'मुरतंय, मुरतंय' म्हणत डबे घेऊन घरी गेली. दोघांनी रस्त्यातच डबा उघडला, हे ओघानेच आले.

याच मालिकेत मला श्रूजबरी बिस्किटेही घ्यायची होती. श्रूजबरी हे गाव येथून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. सोळाव्या शतकापासून तेथील बिस्किटांचे उल्लेख सापडतात. त्या बिस्किटांचे नाव वर्गातील एकाही मुलाने ऐकलेले नव्हते. पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर त्यांच्यासाठी सकाळपासून रांगा लागतात, असे मी सांगितले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनाही ते खरे वाटेना.

त्या मुलीकडे परत येते. दुसऱ्या शनिवारीही ती आली नव्हती. मी तिच्या आईला निरोप पाठवला की पुढील वर्गात स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड आहे, त्यात अंडे मुळातच नसते, आणि ते सगळ्यांसाठी सारखेच आहे. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. एकाच मुलासाठी वेगळी वाटी ठेवणे ही सोय असते, पण त्या मुलाला ती शिक्षा वाटू शकते.

शॉर्टब्रेडचे प्रमाण लक्षात ठेवायला सर्वांत सोपे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. आम्ही ५०, १०० आणि १५० ग्रॅम घेतले. ती आली. टेबलाच्या टोकाला उभी राहिली. तागडीवर रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा असतो. तो तिने दोनदा शून्यावर आणला. लोणी चोळताना तिचे मिश्रण एकजीव होईना. शेजारच्या मुलाचा गोळा केव्हाच तयार झाला होता. पाणी घालू का, असे तिने विचारले. नको, एवढेच मी म्हटले. लोण्यात आहे तेवढा ओलावा पुरतो. हाताच्या उबेने ते सैल होईपर्यंत थांबावे लागते. माझे हात पाठीमागे होते आणि मला ते घट्ट धरून ठेवावे लागत होते. बऱ्याच वेळाने तिच्या मुठीत पीठ एकत्र आले. तिने मूठ उघडून पाहिली. बोटांचे ठसे उमटलेला मुटका तिच्या तळव्यावर उभा होता.

तिने त्याची गोल वडी थापली, काट्याने टोचे दिले, कडा चिमटीने मुडपल्या. करंजीची मुरड तिने घरी पाहिली असावी. १७० अंशांवर वीस-बावीस मिनिटे. शॉर्टब्रेड फिकटच राहायला हवे. तिचे एका बाजूने जरा तांबूस झाले, कारण भट्टीचा तो कोपरा जास्त तापतो आणि ताट फिरवायला मी विसरले. तसे मी तिला सांगितले. तिने तांबूस बाजूचा तुकडा तोडून मला दिला आणि उरलेले डब्यात भरून घेतले. दारात तिची आई उभी होती. मुलीने डबा तिच्या हाती दिला नाही. स्वतःच धरून नेला.